सासूबाईंची फी

माझ्या सासूबाई, कडूबाई, फुकटात कुणाकडून काही घेत नाहीत. या ताठ्यापायी त्यांचा पाय जाणार होता.

शेवगावच्या डॉक्टर उझ्मा शेख आमच्या गावात दवाखाना चालवतात. आधी विमा कंपनी त्यांना तपासणीमागे पैसे द्यायची, थोडे आपणही भरायचो. सासूबाई पदराची गाठ सोडून नोट टेबलावर ठेवायच्या, तेव्हाच निम्म्या बऱ्या व्हायच्या. यंदा दूध संस्थेच्या विम्यात पद्धत बदलली. डॉक्टरांना घरटी वर्षाची ठरलेली रक्कम आधीच मिळते. मग तुम्ही सारखे जा, नाहीतर जाऊच नका. टेबलावर काही ठेवायचं नाही.

झालं! सासूबाईंनी दवाखानाच सोडला. "पैसं घेत न्हाई ती. उगं कशाला तिला राबवायचं?" शुगरच्या गोळ्या संपल्या, तरी तोंडातून ब्र नाही.

एके सकाळी धार काढताना त्यांच्या पायाला चिंधी दिसली. सोडून बघते तर अंगठ्याखाली काळपट जखम, वास मारणारी. बाभळीचा काटा लागला होता म्हणे. माझं डोकंच फिरलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचा पाय असाच गेला होता. विनवून, ओरडूनही त्या हलेनात, तेव्हा मी डॉक्टरांनाच गोठ्यात घेऊन आले.

जखम बघून डॉक्टर भडकल्या. "मावशी, तुम्ही आला नाहीत म्हणून माझं काय वाचलं? तुम्हाला धडधाकट ठेवायचेच पैसे देतात मला. पाय सडून तुम्ही नगरला ॲडमिट झालात, तर त्यातला काही खर्च माझ्या रकमेतून कापतील."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे मी घरी बसून तुजं नुकसान करीत हुते?"

"मग काय तर!"

"आगं, मग आधी न्हाई का सांगायचं!" असं म्हणून त्या लंगडत माझ्याआधी दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.

पाय वाचेल की नाही, हे डॉक्टर पहिल्या आठवड्यात सांगेनात. सासूबाई मात्र एकही पट्टी चुकवत नव्हत्या. वर संस्थेत दूध घालायला आलेल्या बायकांना दटावायच्या, "बीपी दावून या गं. तिला कशाला खड्ड्यात घालता?" दवाखान्यात बायकांची रांग लागली. त्यात अगदी ठणठणीत बायकाही होत्या. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

अखेर जखम भरली. शेवटची पट्टी काढून डॉक्टर खाली वाकून बोटं तपासत होत्या. पायाशी वाकलेलं डोकं दिसताच सासूबाईंचा हात आपसूक त्यावर गेला.

"सुखी ऱ्हा, माजे बाई." मग जरा दबकत विचारलं, "आता पोचली का गं माजी फी?"

डॉक्टर मान वर न करताच म्हणाल्या, "पोचली. आता दुसरा पाय पुढं करा."