तिच्यासाठी काय लावायचं

“ही लिली इथे कोणी लावली?” बाईंनी विचारलं.

“मीच.”

“पण इथे लिलीच का?”

माळ्याने डोकं खाजवलं. “कंद उरले होते.”

बाई हसल्या. या जुन्या दफनभूमीतल्या झाडाफुलांचे अर्थ सांगणारे छोटे फलक लावायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि गेले काही दिवस त्या माळ्याच्या मागे मागे हिंडत होत्या. “काका, ‘कंद उरले होते’ असं फलकावर कसं लिहू? पांढरी लिली म्हणजे निर्मळ मन. पूर्वी लोक मुद्दाम लावायचे.”

माळी थडग्याकडे बघतच राहिला. आत निजलेला गृहस्थ घराघरांत भांडणं लावून देण्यात पटाईत होता, असं जुने माळी सांगायचे. त्याच्या उशाशी आपण इतकी वर्षं निर्मळ मनाचं प्रमाणपत्र फुलवत होतो, आणि तेही खत घालून!

बाईंचा स्वभाव चांगला होता. त्या शिकवल्यासारखं बोलत नसत, गप्पा मारल्यासारखं सांगत. आयव्हीचा वेल म्हणजे न सुटणारी साथ. सुरूचं झाड म्हणजे मरण, कारण ते एकदा तोडलं की पुन्हा फुटत नाही. दगडात कोरलेली मुडपलेल्या देठाची कळी म्हणजे लहानपणीच गेलेलं लेकरू. हे माळ्याला नवीन होतं. त्या कळ्यांवरचं शेवाळ तो कितीदा तरी ओल्या फडक्याने पुसत आला होता. त्याला वाटायचं, कारागिराला अख्खं फूल जमलं नसेल.

एरवी त्याने हे सगळं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतं. पण त्याची बायको जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते. जुन्या दफनभूमीत आता कोणाला जागा मिळत नाही, पण मागच्या भिंतीलगत कामगारांच्या घरच्यांसाठी थोडी जमीन राखलेली आहे. ती तिथे होती. शनिवारी तिचा दगड बसणार होता. दगडाची चौकट बसली की माती दाबली जाते आणि मग मुळं नीट धरत नाहीत, म्हणून जे लावायचं ते आधी लावायचं असतं. ही गोष्ट त्यानेच आजवर कितीतरी लोकांना समजावली होती. आणि आता त्याच्याच घरची माती उघडी पडली होती, कारण तिच्यासाठी काय लावायचं तेच त्याला ठरवता येत नव्हतं.

तिला कोणतं फूल आवडायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

कसं असणार? दफनभूमीतलं फूल घरी न्यायचं नाही, हा इथल्या माळ्यांचा नेम. कामावर लागला त्या दिवशी थोरल्या माळ्याने तो सांगितला आणि याने तो डोळे मिटून पाळला. बाजारातून आणावं, तर माळी असून फूल विकत घेताना कोणी पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून ते राहिलं. संसार झाला, मुलगी मोठी होऊन सासरी गेली, पण बायकोच्या हातात त्याने एक फूल म्हणून ठेवलं नाही. हे आता आठवलं की त्याला कुठे तोंड लपवावं ते कळत नसे.

त्याने माहेरी राहायला आलेल्या लेकीला विचारलं.

“गुलाब लावा की बाबा. गुलाब कोणाला आवडत नाही?”

भेटायला आलेली मेहुणी लगेच म्हणाली, “गुलाब? काहीतरीच! गुलाबाच्या वासाने ताईचं डोकं उठायचं. दाजी, तुम्ही शेवंती लावा.”

ती गेल्यावर लेक म्हणाली, “शेवंती मावशीला स्वतःलाच आवडते.”

शुक्रवारी शेवटी त्याने बाईंनाच गाठलं. “बाई, संसाराचा असा काही अर्थ असतो का फुलात?”

“असतो ना. आठवणीसाठी रोझमेरी, प्रेमासाठी लाल गुलाब. आयव्ही तर तुम्हाला माहीतच आहे.”

“आणि सारखं ओरडणाऱ्या बाईला काय लावतात?”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “काकू कशा होत्या?”

इतक्या वर्षांची बायको, पण सांगायला गेल्यावर त्याला एकच गोष्ट सुचली. “बूट घालून घरात येऊ द्यायची नाही. बाहेर झटका म्हणायची. तिथली माती घरात नको.”

“आणखी?”

आणखी खूप होतं. तो खुरपं घेऊन चालू लागला.

संध्याकाळी घरी आला आणि सवयीने पायरीच्या कडेला बूट आपटले. आता ओरडणारं कोणी नव्हतं, तरी आपटले. खाली पडलेल्या ढेकळांकडे बघता बघता त्याचं लक्ष पायरीमागे गेलं. तिथे बिस्किटांचा एक गंजका डबा होता आणि डब्यात बारीक निळ्या फुलांचं तण होतं. पानं माना टाकून लोंबत होती, एक फूल मात्र अजून तग धरून होतं. या तणाने त्याचा जन्मभर पिच्छा पुरवला होता. आज सकाळीच त्याने टोपलीभर उपटून टाकलं होतं.

“हे इथे कोणी लावलं?”

“आईने,” लेक दारात येत म्हणाली. “अगं बाई, चार दिवस पाणी घालायचं राहूनच गेलं. तुमच्या बुटांतून पडलेलं काही रुजलं की आई उचलून डब्यात लावायची. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मग मी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?”

“तण आहे हो ते. तुम्ही फुलाबद्दल विचारत होता.” मग ती म्हणाली, “एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, टाक की हे उपटून. तर आई म्हणाली, राहू दे, यांनी आणलंय.”

माळी पायरीवरच बसला. “हसत म्हणाली की रागाने?”

“बाबा, आईचं तुम्हाला कधी कळायचं का?”

ते खरंच होतं. ती चिडवत होती, की तिला तेवढंही पुरत होतं? रोज दारात बूट झटकायला लावायची ती मातीच्या तिटकाऱ्याने, की आणखी कशासाठी? विचारायला ती नव्हती. त्याला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, आणि लेकीसमोर यातलं कोणतं आवरावं हे त्याला समजेना.

सकाळी तो डबा घेऊन बाईंकडे गेला. बाईंनी पुस्तकं चाळली, फूल भिंगाखाली धरलं. “काका, याचा अर्थ कुठेच दिलेला नाही. हे तर तुम्हीच रोज उपटता ना?”

“हो,” तो म्हणाला. “मीच.”

त्याने ते भिंतीलगतच्या मोकळ्या मातीत लावलं. दुपारी दगड बसवणारा आला, चौकट ठोकून झाल्यावर म्हणाला, “मालक, एवढं गवत राहिलंय, काढून टाकू?”

“असू दे,” माळी म्हणाला. “लावलेलं आहे.”

पुढच्या आठवड्यात तो भिंतीलगतच्या ओळीतलं तण काढत होता. मनात काही नसताना हात सराईतपणे पुढे सरकत होता, आणि बोटांनी एक रोप बुडापाशी पकडलं तेव्हा त्याला दिसलं की आपण तिच्यापाशी आलो आहोत. त्याने बोटं सोडवली. हललेली माती अंगठ्याने दाबून घट्ट केली आणि मगच पुढे सरकला.

त्या संध्याकाळी पायरीपाशी त्याने दोन्ही बूट नेहमीपेक्षा जास्त वेळ झटकले. मग आत जाऊन तांब्या भरून आणला, आणि खाली पडलेल्या मातीवर हळूहळू पाणी घातलं.