अँडर्सच्या आईची पिन

मला त्या पिनेचं काही पडलेलं नाही, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते. साफ खोटं होतं ते.

पिन म्हणजे केवढी, तर नखाएवढी. चांदीच्या रंगाचा गरुड आणि मागे टाचणी. आमच्याकडे मुलगा ईगल स्काउट झाला, म्हणजे स्काउटमधली शेवटची पायरी चढला, की मोठा समारंभ होतो आणि त्यात सगळ्या गावासमोर तो ती पिन आपल्या आईच्या कपड्यावर लावतो. गावातल्या बायका मग मरेपर्यंत ती रविवारच्या कोटावर मिरवतात. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या इल्सा हेडलुंडबाईंच्या कोटावर अशा तीन आहेत, आणि चौथी मुलगी झाली याची हळहळ त्यांना सत्तराव्या वर्षीही वाटते.

अँडर्स माझा सावत्र मुलगा. मी ड्वेनशी लग्न करून या घरात आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, पुढचे दोन दात पडलेला, आणि माझ्याशी चार दिवस एक अक्षर बोलला नव्हता. त्याची आई केंड्रा दोन वर्षांपूर्वीच घर सोडून चार तासांवरच्या सू फॉल्स शहरात गेली होती. मी आल्यापासून नऊ वर्षं त्याच्या गणवेशावरचे बिल्ले मी शिवले. त्याचे ओले तंबू माझ्या कपडे धुवायच्या खोलीत वाळले आणि त्या वासाने पाहुणे पळून गेले. सोमवारी स्काउट, बुधवारी चर्चचा वर्ग, गुरुवारी आमच्या धाकट्या ब्रिटाची गाणी. निम्मं आयुष्य माझं त्या चर्चच्या आवारात गाडीचं इंजिन चालू ठेवून बसण्यात गेलं. ईगलसाठी गावाच्या उपयोगाचं एक मोठं काम करावं लागतं. त्याने चर्चच्या बाजूच्या दाराला चाकाच्या खुर्च्यांसाठी लाकडी उतार बांधला. सहा शनिवार अकरा पोरं राबत होती आणि सहा शनिवार मी त्या अकरा राक्षसांना खिमा-बटाट्याची हॉटडिश घालत होते.

आणि एवढं होऊन तो मला नावाने आर्लिसच म्हणतो. मी कधी दुसरं काही म्हण म्हणून सांगितलं नाही. सांगून म्हणायची गोष्ट आहे का ती?

जानेवारीत एकदा मी सूप ढवळत होते, तर तो दाराला टेकून उभा राहिला.

"आर्लिस, एक विचारायचं होतं."

"मोज्यांचं असेल तर विचारू नकोस. मी त्या मोज्यांना हात लावणार नाही."

"पिनेचं आहे."

मी ढवळतच राहिले.

"आईला फोन केला होता," तो म्हणाला. "येते म्हणाली. नक्की येते म्हणाली. तर पिन तिला लावू ना? तुला वाईट नाही ना वाटणार?"

"मला कशाला वाईट वाटेल? आई आहे ती तुझी."

"तुला ती दुसरी लावतो. मार्गदर्शकाची असते ती."

"ती मिस्टर क्वामेंना दे. त्यांनी तुला दोरीच्या गाठी शिकवल्या. मी नुसते तुझे घाणेरडे मोजे धुतले."

तो हसला, मीही हसले. सूप खाली लागलं होतं, ते तसंच सगळ्यांना वाढलं आणि कुणाची बोलायची हिंमत झाली नाही.

ड्वेनला हे कळल्यावर तो म्हणाला, "अगं, मग दोन मागवू की. दुकानात मिळतात."

"मिळतात ते मलाही माहीत आहे. विकतची असती तर मीच नसती का आणली?"

ड्वेन चांगला माणूस आहे, पण त्याला वाटतं की प्रत्येक दुखण्यावर दुकानात काहीतरी मिळतं.

केंड्राचं येणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. स्काउटच्या पोरांच्या छोट्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीला येणार होती, आली नाही. तेराव्या वर्षी चर्चमध्ये त्याचं दृढीकरण झालं, म्हणजे तो चर्चचा पक्का सभासद झाला, तेव्हा त्याने स्वतः तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. फोटोत ती रिकामी खुर्ची आहे अजून, आणि शेजारी लाल कानांनी उभा असलेला अँडर्स. त्यामुळे मला ती पिन हवी तर होतीच, आणि केंड्रा आली नाही तर हा पोरगा पुन्हा तसा उभा राहील ही भीतीही पोटात होती. दोन्ही एकदम होत होतं. माणसाचं पोट काही कप्पे करून दिलेलं नसतं.

समारंभ फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी पाचला, चर्चच्या हॉलमध्ये होता. दुपारपासून बर्फ पडत होता. तरी नव्वद माणसं आली, कारण आमच्याकडे बर्फ पडतो म्हणून घरी बसायचं ठरवलं तर एप्रिलपर्यंत कुणी कुणाला दिसणार नाही. पुढच्या रांगेत एका खुर्चीवर ब्रिटाने रंगीत खडूंनी कार्ड करून चिकटवलं होतं: "अँडर्सची आई". ती खुर्ची रिकामी.

झेंडा झाला, वचन झालं, मेणबत्त्या झाल्या. स्काउटमास्तर मिस्टर क्वामेंचं भाषण झालं, आणि ते भाषण करतात तेव्हा बर्फसुद्धा कंटाळून थांबतो. ब्रिटाच्या संडे स्कूलच्या पोरांनी बसवलेलं एकुलतं एक गाणंही झालं. ती पोरं मी शिकवते, म्हणून मी पुढच्या भिंतीच्या मोठ्या खिडकीपाशी त्यांच्याजवळ उभी होते. अँडर्स एव्हाना मागच्या काचेच्या दाराशी जाऊन बाहेर बघत होता.

मिस्टर क्वामे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आर्लिस, आता पिनेची वेळ झाली. काय करू?"

खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो हाच, की बरं झालं आली नाही. आता मलाच लावेल. मग मी अँडर्सकडे बघितलं. पाठमोरा होता, पण मान आणि कान लालबुंद झाले होते. त्या रिकाम्या खुर्चीच्या फोटोत आहेत तसेच. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली!

"थांबा," मी म्हणाले.

"किती थांबू?"

"ती येईपर्यंत."

"आणि नाही आली तर?"

"तर सू फॉल्सला जाऊन तिला मानगूट धरून आणते. तोवर पोरं गातील. इल्साबाई, वाजवा."

"काय वाजवू?" इल्साबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "यांना दुसरं येतंय काय?"

"ख्रिसमसची येतात सगळी."

"अगं बाई, फेब्रुवारी आहे!"

"देवाच्या भिंतीवर कॅलेंडर नाही. वाजवा तुम्ही."

मग काय, आमच्या हॉलमध्ये फेब्रुवारीत पुन्हा येशूचा जन्म झाला. मेंढपाळ आले, मेंढरं आली. डिसेंबरच्या नाटकात ब्रिटा मुख्य मेंढरू होती. तिने कुणी न सांगता गुडघ्यांवर बसून बें बें करायला सुरुवात केली. लोक आधी हसले. मग एकेकाची नजर त्या खुर्चीवरच्या कार्डाकडे गेली आणि हसू थांबलं. आमच्या गावात कुणी काही बोलून दाखवत नाही, पण कळतं सगळ्यांना. दुसऱ्या गाण्याला म्हातारी माणसंही गायला लागली. तिसऱ्याला सगळा हॉल गात होता आणि स्वयंपाकघरात माझ्या हॉटडिशचा वाळून दगड होत होता.

"सगळी कडवी म्हणायची?" इल्साबाईंनी वाजवता वाजवता ओरडून विचारलं.

"सगळी! आणि सावकाश!" मीही तिकडून ओरडले.

पंचवीस मिनिटं काढली मी अशी. शेवटी अँडर्सनेच दार सोडलं. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने तो पुढे आला आणि मिस्टर क्वामेंच्या कानात काहीतरी बोलला. त्यांनी हात वर करून पोरांना थांबवलं. अँडर्सने टेबलावरची डबी उघडली, पिन घेतली आणि माझ्याकडे चालायला लागला.

हॉलमध्ये एवढी शांतता की कॉफीचं भांडं रटरटताना ऐकू येत होतं. सगळ्यांची तोंडं पुढे, आमच्याकडे. मागच्या दाराकडे लक्ष होतं ते फक्त माझं. आणि त्या काचेच्या दारापलीकडे केंड्रा उभी होती.

टोपीवर बर्फ, कोट उघडा, आत वृद्धाश्रमातल्या नोकरीचा निळा झगा. एका हातात पाकीट, दुसरा हात दाराच्या मुठीवर. मुलगा पिन घेऊन कुणाकडे चाललाय ते तिने बघितलं, आणि मूठ सोडली.

आता हे मी आमच्या चर्चच्या पाळकबाईंनाही सांगितलेलं नाही. मी बोलले नाही. तोंड उघडलंच नाही. त्याला येऊ दिलं. तो माझ्यासमोर उभा राहिला, सहा फूट उंच, वाकला, आणि त्याने माझ्या कॉलरची कड धरली. नऊ वर्षं झाली होती, आणि मला वाटलं, एकदाच, देवा, एकदाच मला घेऊ दे. टाचणीचं टोक कापडातून आत गेलं. तिकडे केंड्राने पाठ फिरवली.

"अँडर्स," मी म्हणाले, "मागे बघ. तुझी आई आलीय."

तो हललाच नाही. चेहरा केवढा लाल झाला त्याचा! माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आनंदाने पोराला काही सुचत नाहीये.

"अरे, बघतोस काय? निघाली ती! जा!" मी पिन कॉलरमधून उपसून त्याच्या हातात दिली, त्याच्या छातीला हात लावून ढकललं आणि सगळ्या हॉलच्या डोक्यावरून ओरडले, "केंड्रा! अगं ए बाई, आत ये! आणि पाय पुसून ये!"

नव्वद माना एकदम मागे वळल्या. अँडर्स गेला. पिन त्या निळ्या झग्यावर लागली. केंड्रा इतकी रडत होती की ती पिन सरळ लागेना. रस्ता दोन ठिकाणी बंद होता, चार तासांच्या रस्त्याला तिला सहा तास लागले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या, तळहात चुरचुरेपर्यंत.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि केक कापला. एवढाले तुकडे कापले की शेवटच्या वीस माणसांना केक मिळाला नाही. रडलेही. लपवण्यासारखं काय आहे त्यात? थोड्या वेळाने केंड्रा आत आली आणि नुसती उभी राहिली. ती काहीतरी बोलणार तोच मी तिच्या हातात भरलेली ताटली दिली आणि म्हटलं, "आधी जेव." उभ्या उभ्या तिने सगळं संपवलं, तो वाळलेला भागसुद्धा. सकाळपासून पोटात काही नव्हतं बिचारीच्या. मला तिचा राग आणायचा होता आणि येईना.

सगळे गेल्यावर भांडी उरली. ड्वेन गाडीवरचा बर्फ खरवडायला गेला, ब्रिटा दोन खुर्च्यांवर आडवी होऊन झोपली. मी परात घासत होते आणि अँडर्स गणवेशातच फडक्याने भांडी पुसत होता.

"तुला ती कधी दिसली?" त्याने विचारलं.

थाप मारता आली असती. पण त्याने संध्याकाळीच नव्वद माणसांसमोर खरं बोलायचं वचन म्हटलं होतं, आणि माझ्या तोंडून थाप निघेना.

"तू टेबलाकडून निघालास तेव्हाच," मी म्हणाले. "लगेच बोलले नाही मी. मला ती पिन हवी होती रे. चुकलं माझं."

तो एकच झाकण पुसत राहिला.

"मलाही तेव्हाच दिसली होती," तो म्हणाला.

"कुठून? तुझी पाठ होती तिकडे."

"तुझ्या मागच्या खिडकीत. बाहेर अंधार होता ना. काचेत सगळा हॉल दिसत होता. दार, आई, तिची टोपी."

माझा हात परातीतच थांबला. "मग?"

"मग काय. तुझ्याकडेच येत होतो."

"अरे पण तूच म्हणाला होतास ना, तिला लावायची म्हणून?"

"हो. पण मग तू इल्साबाईंना सगळी कडवी वाजवायला लावलीस. माझ्या आईसाठी. दाराशी उभा होतो, तेव्हाच ठरवलं."

मला काही दिसेनासं झालं. साबण डोळ्यांत गेला म्हणावं तर हात पाण्यात होते.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?" मी ओरडलेच त्याच्यावर.

"बोलू कुठे दिलंस?" तो म्हणाला. "ढकललंस मला."

ढकललं होतं खरं. दोन्ही हातांनी.