रविवारी काढलेलं ढेकूळ

"आई आज पहाटे गेली," खिंडीत भेटायला आलेल्या टाइगने धापा टाकत सांगितलं. "सरकारी फौज किलार्नीकडे गेलीय. दोन दिवस इकडे फिरकणार नाही. तू ये. तुझ्याशिवाय चौथा क्रिमिन्स आणू कुठून?"

शवपेटीला पहिला खांदा एकाच आडनावाच्या चौघांनी द्यायचा, ही त्या खोऱ्यातली रीत. दोन चुलतभाऊ होते, टाइग होता.

"तू पुढे हो दादा. येतोच मी," मॅलकी म्हणाला.

तो लोहाराचा धाकटा मुलगा. इंग्रजांशी लढता लढता जनरल झाला. मग तह झाला. ज्यांच्याबरोबर एका घोंगडीत झोपला होता, त्यांनी नव्या सरकारचे गणवेश चढवले. मॅलकीने तह मानला नाही. तेव्हापासून तो जुन्या मित्रांशी लढत होता, पूल उडवत होता, मागे हटत होता. माणसं गळत गेली. डोंगरावरच्या लपण्याच्या जागेचा पत्ता आता गावात एकट्या टाइगला ठाऊक होता.

सोमवारची दुपार कलली होती. दफनभूमीत कबर खणणारा बॅट हर्ली कंबरभर खड्ड्यात उभा राहून माती उपसत होता.

"काय रे जनरल, अजून मारलं नाही वाटतं तुला कुणी?"

"तू खड्डा खणायला मोकळा झालास की मारतील." मॅलकी हसला आणि थबकला. "बॅट, आज सोमवार. असल्या अशुभ दिवशी कबरीला हात कसा लावलास?"

"मी बरा लावीन. पहिलं ढेकूळ टाइगने कालच काढून ठेवलं. रविवारी सुरुवात झाली की सोमवार बाधत नाही. काल प्रार्थनेनंतर गेली ना म्हातारी. सगळं गाव होतं घरात." बॅटने फावडं रोवलं. "तू रात्रीच येशील असं वाटलं होतं."

मॅलकीने काठावरचं ते ढेकूळ पायाने उलटवलं. त्यावरचं गवत सुकायला लागलं होतं. डोंगर मागेच होता. अंधार पडायच्या आत तो खिंड गाठू शकला असता.

तो घराकडे चालू लागला.

आईच्या हातात जपमाळ गुंफली होती. मॅलकीने गुडघे टेकले, तिच्या गार कपाळाला ओठ लावले. टाइग चहाचा पेला घेऊन आला. मॅलकीने तो घेतला नाही.

"साऱ्या गावाला काल कळलं. मला आज."

टाइगने दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "पूल तूच उडवलेस. फौजेला ट्रालीहून यायला एक दिवस लागणार होता."

"म्हणून आईला एक दिवस जिवंत ठेवलंस."

"ते डोंगरावर गेले असते तर तुम्ही सगळे मेला असतात. घरात एकटा सापडलास तर गोळी घालणार नाहीत. त्यांच्या कॅप्टनने वचन दिलंय मला."

"भावाला धरून द्यायला चालतं तुला. फक्त सोमवार चालत नाही."

बाहेर कुत्री भुंकली. "मागच्या दाराने जा," टाइग एकदम म्हणाला. "ओढ्यापर्यंत कुणी नाही. जा ना, मॅलकी."

मॅलकीने पिस्तूल काढून आईच्या पायाशी ठेवलं. बॅट दारात येऊन उभा होता, हातापायांना माती.

"बॅट, उद्या पहिल्या खांद्याला तू लाग."

"मी हर्ली आहे रे. चौघे क्रिमिन्स लागतात."

"दोघंच उरलेत, चुलतभाऊ. दुसऱ्या जागी तुझ्या भावाला घे."

टाइग काही बोलायला पुढे आला. मॅलकीने त्याला हाताने बाजूला केलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि अंगणात आलेल्या शिपायांकडे चालत गेला.

"मॅलकी," मागून टाइगने हाक मारली.

त्याने वळून पाहिलं नाही.