शर्टावरचा चेहरा

अविनोच्या आईनं अकोथला फोनवर एवढंच बजावलं होतं, गुपचूप या. शवपेटी बंद ठेवायचं तिनं ठरवलं होतं. आजारानं चेहरा बघवत नाही, असं ती गावभर सांगत फिरली. साफ खोटं. अविनोला किसुमू शहराच्या बाजारात लाथा घालून मारली होती. चेहऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. शवागारात आईनं आणि अकोथनं मिळून तिला हिरवा झगा घातला, ओठांना लाली लावली. गावच्या रीतीनं बाईची कबर घराच्या डाव्या अंगाला, पुरुषाची उजव्या. खड्डा उजवीकडेच खणला गेला, तो अपमान आईनं गिळला. पोर झग्यात मातीआड जावी, एवढंच तिला हवं होतं.

पण अकोथला गुपचूप जमेना. अविनोसारख्या, पुरुषाच्या अंगात जन्मलेल्या बायांची संघटना तिनं किसुमूत उभी केली होती. आजवर कितीजणी मेल्या, घरच्यांनी पोत्यासारख्या नेऊन पुरल्या, मैत्रिणींना पत्ता नाही. मयताला चर्चवाले, बचतगटवाले एकसारखे शर्ट घालून येतात. मग आपणच काय चोर? तिनं शर्ट छापून घेतले. छातीवर अविनोचा हसरा चेहरा, खाली ‘आमची बहीण’. त्या शर्टांत सगळ्याजणी ताठ मानेनं मांडवात शिरल्या.

अविनोचा काका ओदेरा खुर्चीत बसला होता. त्यानं शर्ट सावकाश वाचला.

“बहीण? आमच्या पोराला कुणीकडं घेऊन चाललात? उघडा पेटी.”

आई पेटीवर आडवी पडली. पुरुषांनी तिला उचलून बाजूला ठेवली. पेटी घरात नेली, बायकांना बाहेर काढून दार लावलं. रॉकेलच्या बोळ्यानं लाली पुसली, झगा ओरबाडला, तिच्या मेलेल्या बापाचा कोट चढवला. हे सगळं बायबल धरणाऱ्या हातांनी. अकोथ दारावर धडका देत राहिली. पोलिसांत जावं, तर आधी तिच्यासारखीलाच आत टाकतील.

मग आई घरामागं बसलेल्या अकोथकडं आली. फाटका झगा तिनं पोटाशी धरला होता. अकोथला तोंड वर करवेना.

“माय, आम्हाला वाटलं, तिची लाज कुणाला का वाटावी...”

“मला कुठं वाटत होती? पण मातीखाली कोण बघायला येणार होतं, पोरी?”

म्हातारीनं नाक पुसलं.

“एखादा शर्ट उरलाय का?”

अकोथनं पिशवीतून काढून दिला. आईनं तो उलटा केला, चेहरा आतल्या अंगाला घेऊन घातला आणि वर काळा झंपर चढवला.

उजव्या अंगाच्या खड्ड्याशी ओदेरा ‘आमच्या पोरा’साठी मोठ्यानं प्रार्थना म्हणत होता. लोक आमेन म्हणत होते. आईनं ओठ हलवले नाहीत. छातीवर दोन्ही तळवे घट्ट दाबून ती उभी राहिली, माती पडायची थांबेपर्यंत.