आतूची पेशी

माझ्या नाकावर राग आणि पायाला भिंगरी. प्रयोगशाळेत दोन्हींचा उपयोग शून्य.

आतू म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिची फुफ्फुसं हळूहळू कडक होत चालली होती. तिच्या आईचीही तशीच झाली होती, त्यामुळे तिच्या मुलीला, माझ्या आतेबहिणीला, एकच धास्ती: आता माझा नंबर का? शस्त्रक्रियेत आतूच्या फुफ्फुसाचा नखाएवढा तुकडा तपासायला काढला, तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, "उरलेला माझ्या भाचीला द्या. काय बिघडलंय ते ती शोधेल. माझं जाऊ दे हो, पोरीसाठी."

आमचं काम एकेका पेशीचं. तुकड्यातल्या पेशी सुट्या करायच्या, मग यंत्र त्यांना तेलातल्या बारीक थेंबांत बंद करतं. एका थेंबात एक पेशी. पेशीत काय काय बनवायचं चाललंय त्याच्या चिठ्ठ्या म्हणजे आरएनए. थेंबातल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर त्या थेंबाचा शिक्का बसतो. नंतर सगळ्या एकत्र वाचल्या तरी कुठली कोणाची ते शिक्क्यावरून कळतं.

म्हणून पेशी विरळ सोडायच्या. बरेचसे थेंब रिकामे गेले तरी चालतात. आणि अर्धा नमुना गोठवून बाजूला ठेवायचा. हे मीच नव्या मुलींना घसा कोरडा करून शिकवते. पण ही माझी आतू! एकही पेशी वाया जायला नको म्हणून मी सगळ्याच्या सगळ्या, तिप्पट दाट, एकाच वेळी ओतल्या.

निकाल आला आणि मी खुर्चीतून उडालेच. सारख्या पेशी शेजारी शेजारी मांडणाऱ्या नकाशावर एक वेगळाच पुंजका होता. त्यातली प्रत्येक पेशी अर्धी फुफ्फुसाच्या अस्तराची, अर्धी घाण गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीसारखी. अशी कुणीच पाहिली नव्हती. मी तशीच दवाखान्यात धावले.

आतूनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "तुझं नाव मीच ठेवलं होतं. हिचंही मीच ठेवणार," ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वॉर्डला बातमी कळली होती.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय माझ्या टेबलाशी आला. हा आमचा आकडेमोड करणारा, नाव मीच पाडलेलं. चहासुद्धा तासभर पितो. "ही एक पेशी नाहीये," तो म्हणाला. "एका थेंबात दोन गेल्यात. दोघींवर एकच शिक्का बसलाय."

"तुला कुणाचं चांगलं बघवत नाही का रे?" मी सगळ्यांसमोर ओरडले. तो बिचारा मान खाली घालून गेला.

तीन दिवसांनी मी गुपचूप आकडे उघडले. त्या पुंजक्यातल्या जवळजवळ प्रत्येक शिक्क्याच्या दुप्पट चिठ्ठ्या होत्या. त्याचंच खरं होतं. इतक्या गर्दीत बाकीच्यांवर तरी भरवसा कसा ठेवायचा? आणि फ्रीझरमध्ये गोठवलेलं काहीच नव्हतं.

उद्या सांगू, म्हणत तीन आठवडे गेले. मी गेले की आतू नवं नाव सुचवायची आणि हसता हसता तिला धाप लागायची. तिचा आनंद कशाला घालवायचा, असं मी मनाला समजावत होते. खोटं होतं ते. मला लाज वाटत होती, बस.

मग आतू गेली.

पंधरा दिवसांनी आतेबहीण दवाखान्याची फाईल घेऊन प्रयोगशाळेत आली. त्यात एक संमतीपत्र होतं, आतू जायच्या दहा दिवस आधीचं. तपासणीसाठी घशातून नळी घालणारच आहोत, तर संशोधनाला आणखी एक छोटा तुकडा घेऊ का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. खाली आतूच्या थरथरत्या अक्षरात उत्तर होतं: "नको. भाचीचं काम झालं आहे."

"मग माझं कधी कळेल गं?" आतेबहिणीनं विचारलं.

"काही सापडलंच नाही," मी म्हटलं. "घाई करून मी सगळ्याची माती केली."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

तिनं कागद पुन्हा फाईलमध्ये सरकवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगायचंस ना," ती म्हणाली. "दिला असता गं तिनं."