काठोकाठ न भरणारी वाटी

समरकंदच्या एका वर्तमानपत्रात मी गणितावर लेख लिहितो. संपादकांची अट एकच, त्यांच्या ओयदिन खालांना, म्हणजे मावशींना, समजलं तरच छापणार. कॉलेजात वीस वर्षं शिकवून ही परीक्षा नशिबी आली.

या वेळी विषय होता न संपणारी बेरीज. मी खालांकडे गेलो आणि त्यांच्याच किटलीतून माझी वाटी अर्धी भरली.

"खाला, आता उरलेल्या जागेच्या निम्मा चहा ओतायचा. मग परत उरलेल्याच्या निम्मा. असंच करत राहिलं तर वाटी कधी भरेल?"

"अरे मास्तर, पाहुण्याला वाटी अर्धीच देतात. काठोकाठ भरली म्हणजे त्याला ऊठ म्हटल्यासारखं."

"रीत ठाऊक आहे हो मला. गणिताचं बोला."

"तेच बोलतेय. तुझी वाटी भरत जाणार, पण काठाला कधीच टेकणार नाही. म्हणजे पाहुणा जन्मभर हलायचा नाही."

चार पानं खरडून मला जमलं नव्हतं ते बाईंनी चहा पिता पिता सांगितलं. मी खूश होऊन वहीचं पान उलटलं. "आता दुसरं उदाहरण बघू."

खालांनी माझी वाटी ओढली आणि काठोकाठ भरली.