समोरच्याची वाक्यं

मी कोकिळा, पिंपळगाव राजाची. वय छप्पन्न. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी पोरगा गोपाल चाकणच्या कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. नवरा त्याआधीच गेलेला. घरात मी एकटी. रविवारी गोपालचा फोन येतो, दोन मिनिटं.

शेजारचा आसिम मोबाइल दुरुस्त करतो. मोबाइलवरच त्यानं गावची वेबसिरीज काढली आणि मला भांडखोर सासू केलं. संवाद लिहिलेले नसायचेच. "काकू, मनाले येईन ते बोला," म्हणायचा. तोंडाची मी फटकळ, सुटले. पुण्याच्या लोकांनी व्हिडिओखाली लिहिलं, भाषा फार गावंढळ. मला राग आला, पण दर भाग बघायचेही तेच.

मग मुंबईहून फोन आला. मोठ्या वेबसिरीजमध्ये वऱ्हाडातली आई हवी होती. आजवर असल्या आया तिकडच्याच बायका व्हायच्या, नुसतं मले-तुले करून. या वेळी त्यांना इथलीच बाई पाहिजे होती. एका प्रसंगाचा व्हिडिओ पाच वाजेपर्यंत पाठवा, मुलाची वाक्यं वाचायला समोर कुणीतरी बसवा, म्हणाले.

कुणाला बसवणार? आसिम लग्नाच्या शूटिंगला अकोल्याला. अवकाळीचा अंदाज, म्हणून सगळं गाव कापूस वेचायला शेतात. चार घरी जाऊन आले, चारही दारांना कुलपं. मला ते काम हवं होतं, फार हवं होतं. शेवटी मोबाइल डब्याला टेकवला आणि एकटीच बोलले. मुलाची वाक्यं मी वाचलीही नव्हती, फक्त माझी पाठ केली होती. आपलं वाक्य बोलायचं, माणसाला उत्तर द्यायला लागेल तेवढं थांबायचं, पुढचं बोलायचं. जड काही गेलं नाही. घरात मी रोज तेच करते.

त्यांना माझं ते थांबणं आवडलं. आता व्हिडिओ कॉलवर मुलाचं काम करणाऱ्या नटाबरोबर तोच प्रसंग बोलायचा, मग ठरवणार. आसिमनं मला त्याच्या दुकानात बसवलं.

"जेवला काय रे?" मी विचारलं.

"हाव माय," तो पोरगा म्हणाला. "तू जेवली काय?"

माझं पुढचं वाक्य साधं होतं: हो, जेवली. ते तोंडातून निघेना. गोपाल चाकणला गेल्यापासूनच्या सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले आणि मी भलतंच बोलून गेले.

"नाई रे. एकटीसाठी सैपाक करू वाटत नाई."

आसिम बाजूनं खुणा करून खरं वाक्य दाखवू लागला. मला वाटलं, गेलं काम. तेवढ्यात तिकडून दिग्दर्शिका म्हणाली, "काकू, हेच वाक्य ठेवू. किती छान सुचलं तुम्हाला."

काम मिळालं. मला ते सुचलं नव्हतं, एवढं तिला सांगायचं मात्र राहून गेलं.